फोपनारची सेंटर

वैजयंती महाजनने आयुष्यात टाकलेली पहिली बास्केट स्वतःच्याच संघाविरुद्ध होती. हे मी छातीठोक सांगू शकतो, कारण त्या मॅचचा पंच मी होतो आणि ते दोन गुण समोरच्या संघाला देण्यासाठी हात मीच वर केला होता.

मी विनायक. बऱ्हाणपुरात एका शाळेत गणित शिकवतो. कॉलेजात असताना बास्केटबॉल खेळायचो. पुढे खेळ सुटला, शिट्टी तेवढी राहिली. जिल्ह्यात शाळांच्या मॅच असल्या की मला बोलावणं येतं. २०१२च्या डिसेंबरात असंच आलं होतं. सकाळची पहिली मॅच शाहपूरच्या मुलींची, आणि शाहपूरहून मुली आल्या चारच. पाचवीला गालगुंड झाले होते. पाच जणी नसतील तर मॅच सुरूच करता येत नाही. मी घड्याळ पाहत होतो तेवढ्यात त्यांच्या खेळशिक्षिका शारदा मॅडम धावत माझ्याकडे आल्या.

"सर, दहा मिनिटं द्या. पाचवी आणते."

"कुठून आणणार?"

"आमच्या शाळेच्या पोरी कबड्डी बघायला आल्यात. त्यांतलीच एक."

दहा मिनिटांनी त्या एका मुलीचा दंड धरून तिला ओढतच घेऊन आल्या. मुलगी नववीत होती, पण मॅडम तिच्या खांद्याला लागत होत्या. पायांत चपला. तिच्या मापाचे बूट एकाही मुलीकडे निघेनात, तेव्हा मुलांच्या संघातून एक जोडी मागून आणली. ती घालता घालता तिने विचारलेलं मला आठवतं. "मॅडम, मले करायचं काय हाय?"

"चेंडू आला की पकडायचा. त्या रिंगमध्ये टाकायचा."

"बस?"

"बस."

मॅच सुरू झाली. चेंडू हातात आला तशी ती तो काखेत घेऊन पळत सुटली. मी शिट्टी वाजवली. "क्या हुआ सर?" तिने विचारलं. चेंडू जमिनीवर आपटत न्यायचा असतो, असं मी सांगितलं. तिने मान डोलावली आणि पुढच्या वेळी परत काखेत घेऊन पळाली. पहिल्या अर्ध्या वेळात मी तिच्यासाठी नऊ वेळा शिट्टी वाजवली. मग तिच्या ध्यानात आलं की पळायची गरजच नाही. चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर धरला की बाकीच्या नऊ जणींपैकी कुणाचाच हात पोहोचत नाही. ती तशीच उभी राहायची, देवळातल्या दीपमाळेसारखी, आणि खाली मुली उड्या मारायच्या.

मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. चेंडू मिळाला, तिने मगाचीच रिंग धरली, टाच उचलून हलकेच टाकला आणि तो जाळीतून सरळ खाली आला. आनंदाने तिने शेजारच्या मुलीला मिठीच मारली. ती मुलगी समोरच्या संघातली होती. मैदानभर हशा पिकला. शारदा मॅडमनी डोक्याला हात लावला.

"सर, गेली ना?" तिने मला विचारलं.

"गेली. पण तुमच्याच रिंगमध्ये. तुम्ही टाकायची रिंग आता ती पलीकडची."

ती क्षणभर पलीकडे बघत राहिली. लाजली नाही, रडली नाही. "बरं. मग तिकडे टाकते," म्हणाली, आणि उरलेल्या वेळात तिने तीन टाकल्या. शाहपूर एकतीस-अकराने हरलं. पण मला वेगळंच दिसलं होतं. नेम चुकून रिंगवरून उडालेला जवळजवळ प्रत्येक चेंडू त्या मुलीच्या हातात पडत होता. बाकीच्या मुली चेंडू पडला की त्याच्या मागे धावत होत्या. ही चेंडूच्या आधी तिथे जाऊन उभी असायची. मॅच संपल्यावर मी शारदा मॅडमना म्हणालो, "हिला कबड्डी बघायला पाठवू नका आता."

मॅडमनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर रोज दीड तास. शाहपूरच्या शाळेचं कोर्ट म्हणजे भेगा पडलेलं सिमेंट आणि एकच रिंग. त्यामुळे बाजू बदलायचा प्रश्नच नव्हता.

वैजयंतीचं घर शाहपूरजवळच्या फोपनारला. वडील दगा महाजन, आई मालूबाई, धाकटा भाऊ जीवन. केळीची बाग, थोडा कापूस. खाऊनपिऊन सुखी घर. पोरगी खेळायला लागली म्हणून त्या घरात कुणी आकांडतांडव केलं नाही. उलट दगाभाऊंना ते बरंच वाटलं. त्यांना एकच कळत नव्हतं. "सर, हे खेळून शेवटी होते काय?" असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं. मी म्हणालो, "चांगलं खेळली तर नोकरी लागेल. फारच चांगलं खेळली तर देश बघेल." ते हसले. मी त्यांची चेष्टा करतोय असं त्यांना वाटलं असावं.

दहावीनंतर भोपाळच्या एका क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी होती. तीनशे मुलींमधून बारा घेतल्या, त्यांत वैजयंती. शारदा मॅडमनी शाळेत पेढे वाटले. आणि जिच्याकडून अडचण येईल असं वाटलं नव्हतं, तिच्याचकडून आली. वैजयंती म्हणाली, मी जात नाही.

"काय झालं व माय?" मालूबाईंनी विचारलं.

"मले तिथं करमणार नाय."

"इथं राहून तरी काय करशील? दाराच्या चौकटीले रोज डोकं आपटते तू. जिथं चौकटी उंच हायेत तिथं जाय."

समजूत घालून, डबे भरून तिला पाठवलं. पाचव्या दिवशी सकाळी दगाभाऊ बागेतून घरी आले तर लेक ओट्यावर बसलेली. कुणाला न सांगता भोपाळहून गाडीत बसली होती, बऱ्हाणपूर स्टेशनवर उतरली होती आणि ऑटो करून घरी आली होती. वसतिगृहात धावपळ उडाली होती. शारदा मॅडमचा फोन वाजायचा थांबत नव्हता. मालूबाई चिडल्या, रडल्या. दगाभाऊंनी मात्र पाय धुतले, लेकीशेजारी बसून भाकरी खाल्ली. मग म्हणाले, "काय त्रास हाय तिथं? मारते कोणी?"

"नाय बापू. सगळ्या पोरींले सगळं येते. मलेच काही येत नाय. सर हिंदीत पटपट बोलते, पोरी हसते."

"असं हाय तर." दगाभाऊंनी ताट सरकवलं. "उद्या मी येतो तुझ्यासोबत. दोघं मिळून शिकू."

लोकांना वाटलं, सोडून परत येतील. दगाभाऊ तिथे सोळा दिवस राहिले. भोपाळच्या एका धर्मशाळेत खोली घेतली. सकाळ-संध्याकाळ सराव चालला की कोर्टाच्या जाळीबाहेर कडुलिंबाखाली बसून राहायचे. पांढरा पायजमा, टोपी, शेजारी केळ्यांच्या दोन फण्या. सराव संपला की बाराही मुलींना केळी. चार दिवसांत मुली त्यांना काकाजी म्हणू लागल्या आणि काकाजींच्या मुलीवर हसणं बंद झालं. कोच काय शिकवतात ते दगाभाऊ ध्यान देऊन ऐकायचे आणि संध्याकाळी लेकीला आपल्या भाषेत परत सांगायचे. बास्केटखालच्या रंगवलेल्या चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही, हा नियम वैजयंतीला कोचकडून समजला नव्हता. तो तिला बापाकडून समजला. "पाहुण्याच्या घरी जास्त बसायचं नाय, तसं हाय ते. जायचं, चहा प्यायचा, निघायचं."

सोळाव्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "बापू, तुम्ही आता जा. बागेत पाणी द्यायचं राह्यलं असेल."

तिथून गाडी सुटली ती सुटलीच. दोन वर्षांत ती राज्याच्या ज्युनियर संघात गेली. उंची सहा फूट अर्धा इंच झाली आणि तिथे थांबली. जागा ठरली, सेंटर. म्हणजे बास्केटच्या अगदी खाली धक्के खात खेळणारी, संघातली सगळ्यांत उंच खेळाडू. विसाव्या वर्षी खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत भुसावळच्या ऑफिसात नोकरी मिळाली. नेमणुकीचं पत्र घेऊन दगाभाऊ माझ्या घरी आले. बसलेही नाहीत. दारातच म्हणाले, "सर, तुम्ही म्हटलं होतं तेच झालं."

पण नोकरी लागणं वेगळं आणि संघात खेळणं वेगळं. रेल्वेच्या संघात आधीच एक सेंटर होती, अमृता. वैजयंतीपेक्षा सात वर्षांनी मोठी, दीड इंचाने उंच, भारताकडून खेळलेली. ती असेपर्यंत दुसरीला जागा नव्हती. तीन राष्ट्रीय स्पर्धांत मिळून वैजयंती एकोणीस मिनिटं कोर्टवर होती. बाकीचा वेळ बाकावर, खांद्यावर टॉवेल. तिच्या गळ्यात सुवर्णपदकं पडत होती, गावात फटाके वाजत होते, आणि ती मला म्हणायची, "सर, मेडल तर बाकड्यालापण द्यायला पाहिजे."

सरावात मात्र रोज अमृताशी गाठ. रोज सकाळी दोन तास ती अमृताला अडवायची आणि अमृता तिच्या डोक्यावरून बास्केट टाकायची. अमृताचा स्वभाव कडक, तोंड तिखट. पण एके दिवशी सराव झाल्यावर ती वैजयंतीजवळ येऊन बसली. मालदीवच्या एका क्लबचा फोन आला होता. तिथे मुलींची लीग चालते, दहा आठवड्यांची. प्रत्येक संघात एक परदेशी खेळाडू घेतात. त्यांना सेंटर हवी होती आणि त्यांनी अमृताला विचारलं होतं.

"मैं नहीं जा रही," अमृता म्हणाली. "मेरे घुटने अब एक ही सीज़न के हैं, वो मैं यहाँ दूँगी. मैंने तेरा नाम दे दिया है."

"मेरा? दीदी, मैं तो खेलती ही नहीं!"

"रोज सुबह किससे खेलती है फिर?"

पुढचा महिना नुसती धांदल. ऑफिसची परवानगी, रजा, पासपोर्ट. आता तिच्या नावाची गंमत. पहिलीत नाव घालताना दगाभाऊंनी घरात हाक मारतात तसं 'बैजंती' सांगितलं होतं, आणि शाळेच्या दाखल्यावर तेच चढलं. दाखल्यावरून पासपोर्टवर. त्यामुळे परदेशात गेली ती बैजंती महाजन. विमानात ती पहिल्यांदाच बसत होती. सोडायला सगळं घर मुंबईपर्यंत गेलं होतं. मालूबाईंनी कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडदाच्या पिठाचा डबा, मिरचीचा ठेचा आणि शेवेची दोन पाकिटं बांधून दिली होती.

माले हे एवढंसं शहर. चारी बाजूंना समुद्र. मोटारसायकली आपल्या चौकासारख्याच दाटलेल्या. वैजयंतीचं इंग्रजी बेताचंच, म्हणून ती भेदरली होती. पण पहिल्याच दिवशी संघाची कर्णधार शिफा समोर आली आणि चक्क हिंदीत म्हणाली, "आओ बैजंती, भूख लगी है?" तिथल्या लोकांना हिंदी पिक्चरचं भारी वेड. शिफा लहानपणापासून पिक्चर पाहून हिंदी शिकली होती. तिच्या हिंदीत अधूनमधून हिरोइनीसारखे लांबलचक डायलॉग यायचे.

मैत्री झाली, पण खेळ जमेना. परदेशातून खेळाडू आणायची ती बास्केट टाकायला, असा तिथला हिशेब. बाकीच्या संघांच्या पाहुण्या खेळाडू एकेका मॅचमध्ये पंचवीस-तीस गुण करत होत्या. वैजयंतीने पहिल्या मॅचला सहा केले, दुसऱ्या मॅचला आठ. दोन्ही मॅच हरले. दुसऱ्या मॅचनंतर मॅनेजरने तिला बाजूला घेतलं. शब्द गोड होते, पण अर्थ सरळ होता. दुसऱ्या देशातली एक खेळाडू मोकळी आहे. अजून एक मॅच बघू.

खोलीवर आल्यावर तिने अमृताला फोन लावला. "दीदी, मुझसे नहीं होगा. तुम्हारे जैसा शॉट मेरे पास नहीं है."

"मेरे जैसा तुझे कौन खेलने को बोला?" अमृता कडाडली. "चार साल मैंने तुझे देखा है. रिंग से गिरा हुआ बॉल किसका होता है?"

वैजयंतीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बोल ना. किसका?"

"मेरा."

"तो वो ले. बास्केट डालने वाली वहाँ बहुत हैं."

तिसऱ्या मॅचला तिने बास्केट टाकायचा नाद सोडला. आपल्या मुलींनी मारलेला चेंडू चुकला, की तो हिच्या हातात. समोरच्यांनी मारलेला चुकला, तरी हिच्याच हातात. हातात आला की उभ्याउभ्या शिफाला किंवा जी मोकळी असेल तिला पास. मॅच संपली तेव्हा तिचे स्वतःचे गुण होते चार. पण रिंगवरून उडालेले बावीस चेंडू तिने घेतले होते आणि संघ अठरा गुणांनी जिंकला होता. कोच कागद हातात घेऊन तिच्याकडे बघतच राहिले. त्यांनी विचारलं, चेंडू कुठे पडणार हे तुला आधी कसं कळतं?

ती हिंदीत सांगत गेली आणि शिफा कोचना समजावत गेली. केळीचा घड उतरवताना एक जण खोडावर कोयता मारतो आणि दुसरा खाली खांदा देऊन उभा राहतो. खोड वाकत वाकत खाली येतं, त्याचा घड बरोबर खांद्यावर घ्यायचा. चुकला तर तीस किलोचा माल मातीत. अकराव्या वर्षापासून ती बापाच्या कोयत्याखाली उभी राहत होती. बापाने शिकवलं होतं, की घडाकडे पाहू नको, घड फसवतो. खोड कुठून वाकतंय ते पाहा. "तसंच आहे," ती म्हणाली. "मी चेंडूकडे नाही पाहत. मारणारीचं मनगट पाहते."

कोच म्हणाले, "बनाना?"

"जी. बनाना."

दुसऱ्या देशातली ती खेळाडू आलीच नाही. पुढच्या नऊपैकी आठ मॅच जिंकून वैजयंतीचा संघ फायनलला गेला.

फायनल शुक्रवारी होती. त्यांच्याकडे साडेचार म्हणजे आपल्याकडे पाच. क्लब आपल्या पेजवर मॅच थेट दाखवणार होता. मी शाळा सुटल्याबरोबर मोटारसायकल काढली आणि फोपनार गाठलं. महाजनांच्या केळी भरायच्या शेडमध्ये साठेक माणसं जमली होती. जीवनने पत्र्याखालच्या पाइपाला टीव्ही टांगला होता आणि मोबाइल त्याला जोडला होता. शारदा मॅडम पुढच्या खुर्चीत. बाया क्रेटांवर, पोरं जमिनीवर. मालूबाई मात्र टीव्हीकडे पाठ करून बसलेल्या.

"वहिनी, इकडे फिरा ना," मी म्हणालो.

"नाय सर. मी पाह्यलं का तिची हुकते. तुम्ही पाह्या, मले सांगा."

मॅच सुरू झाली आणि पहिल्या दहा मिनिटांत चित्र तीनदा अडकलं. तिन्ही वेळा साठ माणसं एका आवाजात जीवनवर ओरडली, जणू मालदीवपासून वायर त्यानेच ओढली होती. मग रेंज धरली. तिकडचा समालोचक आपल्याला न कळणाऱ्या भाषेत बोलत होता, त्यातून मध्येच 'बैजंती' असा शब्द यायचा की शेडमध्ये टाळ्या पडायच्या. समजावून सांगायचं काम दगाभाऊंनी घेतलं होतं. "तीन सेकंद! ती निळी तिथं तीन सेकंद उभी हाय! पंच आंधळा हाय का?" मग माझ्याकडे बघून, "माफ करा सर."

सामना चुरशीचा होता. समोरच्या संघाची पाहुणी खेळाडू आफ्रिकेतली, सहा फूट चार इंच, अंगाने भक्कम. पहिल्या अर्ध्यात तिने वैजयंतीला दोनदा जमिनीवर पाडलं. दर वेळी ही उठली, हात झटकले, आपल्या जागी गेली. मध्यंतराला सात गुणांनी मागे. तिसऱ्या भागात चारांनी. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा सत्तावन्न-त्रेपन्न. शिफाने दोन टाकले. सत्तावन्न-पंचावन्न. मग दीड मिनिट कुणाचंच काही जाईना.

चार सेकंद राहिले असताना आपल्या संघाचा नेम चुकला, चेंडू रिंगवरून उडाला, आणि तीन हातांच्या वर एक हात गेला. तो वैजयंतीचा. ती चेंडू परत वर टाकणार इतक्यात त्या दांडग्या मुलीने तिच्या हातावर मारलं. शिट्टी. फाउल. दोन फ्री थ्रो.

"चांगलं झालं ना?" शेजारचे कोणी तरी म्हणाले.

फ्री थ्रो म्हणजे रेषेवर एकटीने उभं राहून मारायचे नेम, आणि वैजयंतीचा तो कच्चा भाग. दहातले चार जातात. दगाभाऊंनाही ते ठाऊक होतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

पहिला. चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आपटला, फळीला लागला, रिंगभोवती फिरला आणि आत पडला. शेड हादरलं. सत्तावन्न-छप्पन. दुसरा गेला तर बरोबरी.

दुसरा तिच्या हातातून सुटला आणि मला कळलं की हा जात नाही. तिला माझ्याआधी कळलं असणार. चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर ठप्पकन आपटला आणि डावीकडे उडाला. समोरच्या मुली वर बघत होत्या. वैजयंती डावीकडे आधीच एक पाऊल गेली होती. एका हाताने तिने चेंडू ओढला, तोल गेला, आणि पडता पडता, अंग जमिनीला टेकायच्या आत, तिने तो कोपऱ्यात फेकला. कोपऱ्यात शिफा. शिफाने वाट पाहिली नाही. चेंडू हवेत असताना भोंगा वाजला.

जाळी हलली.

त्यानंतर शेडमध्ये काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. क्रेट उलटले. शारदा मॅडम खुर्चीवर उभ्या राहिल्या. कुणी तरी मला उचललं. जीवन टीव्हीच्या पाइपाला लोंबकळत होता. या सगळ्या गोंधळात एक आवाज सारखा येत होता. मालूबाई भिंतीकडे तोंड करून ओरडत होत्या, "काय झालं? अरे, काय झालं? कोणी तरी सांगा न मले!" आणि सांगायला कुणी शुद्धीवर नव्हतं.

एकटे दगाभाऊ हलले नव्हते. ते टीव्हीसमोर उभे होते, टोपी मुठीत, चेहरा पांढरा. त्यांनी माझा हात धरला. "सर, रेषा?"

मला कळलं त्यांना काय विचारायचंय. फ्री थ्रो मारणारीने चेंडू रिंगला लागायच्या आत रेषा ओलांडली तर ते सगळं रद्द. समोरच्या संघाचा कोच पंचांकडे हात करून तेच ओरडत होता. आता शेड हळूहळू गप्प झालं. पडद्यावर तो क्षण परत दाखवला, सावकाश. मी टीव्हीच्या अगदी जवळ गेलो. वीस वर्षं शिट्टी वाजवली, पण कुठल्या रेषेकडे इतकं डोळे फाडून पाहिलं नव्हतं. चेंडू रिंगला लागला. मग तिचा पाय उचलला गेला. लागला, मग उचलला.

"नाही ओलांडली," मी म्हणालो. "चेंडू आधी लागलाय. बास्केट धरणार."

दोन सेकंदांनी तिकडच्या पंचानेही तेच सांगितलं. अठ्ठावन्न-सत्तावन्न. दगाभाऊ उलट्या क्रेटवर बसले आणि टोपीत तोंड घालून ढसाढसा रडले. मालूबाई वळून आल्या, त्यांनी नवऱ्याला रडताना पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "हरली ना?"

"जिंकली, वहिनी! जिंकली!"

तासाभराने तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे नुसता आरडाओरडा, शिफा मध्येच तोंड घालून हिरोइनीच्या थाटात काही तरी म्हणून गेली. वैजयंतीच्या कोपराला पट्टी होती, गळ्यात पदक. "बापू, पाह्यलं का?"

"पाह्यलं," दगाभाऊ म्हणाले. डोळे पुसत होते, पण सूर पंचाचा होता. "दुसरा फ्री थ्रो आखूड पडला तुझा. गुडघे वाकवले नाय तू."

"माहीत हाय बापू."

"जेवली?"

"आता जेवते."

त्या फायनलला आता दोन वर्षं झाली. ती परत आली तेव्हा बऱ्हाणपूर स्टेशनवर ढोल होते, शाहपूरपर्यंत मिरवणूक होती, आणि सत्काराला माइक दिल्यावर तिने दोनच वाक्यं बोलून तो खाली ठेवला. क्लबने तिला पुन्हा बोलावलं, पुढच्या वर्षीही. मधल्या काळात अमृता निवृत्त होऊन रेल्वेच्या संघाची कोच झाली. गेल्या राष्ट्रीय स्पर्धेत वैजयंती पहिल्या पाचांत होती, बाकड्यावर नव्हती. उपांत्य सामन्यात तिने रिंगवरून उडालेले एकोणीस चेंडू घेतले. भारतीय संघाच्या सराव शिबिराचं बोलावणंही एकदा आलं. अंतिम बारांत नाव लागलं नाही. आठवडाभर तिने चेंडूला हात लावला नाही, आणि मग आठव्या दिवशी सकाळी सरावाला गेली. फ्री थ्रो आता दहातले सात जातात. रोज दोनशे मारते.

आज ती सत्तावीसची आहे. सेंटरने गुडघे सांभाळले तर अजून सहा-सात वर्षं सहज निघतात. परवा ती भुसावळहून सुट्टीला आली होती. मी घरी गेलो तर मालूबाईंच्या हातात निळा कोरा पासपोर्ट होता. या वेळी लेकीबरोबर त्याही चालल्या होत्या, पंधरा दिवसांसाठी. दगाभाऊंनी त्यांना तीन सेकंदांचा नियम समजावून सांगायला घेतला होता आणि त्या ऐकत नव्हत्या. त्यांना दुसरीच काळजी होती.

"सर," त्यांनी मला विचारलं, "त्या गावाले चारी बाजूनं पाणी हाय म्हणते. मग लोक फिरायले जाते कुठी?"

"पाण्याकडेच," वैजयंती आतून म्हणाली. ती बॅग भरत होती. बुटांचे दोन जोड, गुडघ्याच्या पट्ट्या, ठेच्याची बरणी. नव्या हंगामाची पहिली मॅच येत्या शुक्रवारी आहे.